बाजार ते बाजार आठ दिवस

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, रंगवायचा ब्रश असे. त्या ब्रशाचे सगळे केस उपटून त्यांनी एकच ठेवला होता. वर्गात कुणी पेंगायला लागलं की सर शिकवत शिकवत त्याच्यापाशी जात आणि त्या केसाने त्याच्या कानाची पाळी हळूच शिवत. पोरगं दचकलं तर म्हणत, "ठीक आहे. जन्माला यायला हरकत नाही." नाही हललं तर वर्गाकडे वळून जाहीर करत, "हे अजून आठ दिवसांच्या आतलं आहे. झाका आणि उबवा."

मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे बेडूक टेबलावर उताणा ठोकून ठेवणं, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसणं आणि सर जे बोलतील त्याला मान हलवणं. पलूस आणि कुंडलच्या मधल्या एका बाजारगावात आमचं कॉलेज होतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सरांना आम्ही पाठीमागे वेडा म्हणायचो. मी तर सगळ्यांत जास्त म्हणायचो, कारण त्यांच्या सगळ्यांत जवळ मीच होतो. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झालं आहे. त्यांच्याविषयी गावात अजूनही एक गोष्ट सांगतात आणि हसतात. ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे लिहितो.

सरांना एकच प्रश्न पडलेला होता. अंड्यातलं पिल्लू आधी हलतं, की त्याला आधी कळतं? या प्रश्नावर ते विद्यापीठाकडे प्रबंध देणार होते. दुसऱ्या कुठल्याही प्रश्नात त्यांना रस नव्हता. बायकोने घरात साखर नाही म्हणून सांगितलं तर ते "असं का होत असावं?" असं विचारून विचारात पडत आणि कॉलेजला निघून येत.

अंड्याला वरून छोटी खिडकी पाडायची, आतल्या पातळ पडद्यावर मिठाचं कोमट पाणी सोडायचं, चिमट्याने पडदा उचलायचा आणि आत बघत बसायचं, हा त्यांचा उद्योग. चार-पाच दिवसांचं पिल्लू म्हणजे नुसता स्वल्पविराम. त्याला पाय म्हणावेत असे पाय नसतात, चोच नसते, डोळा तेवढा मोठा काळा. आणि हा स्वल्पविराम बघता बघता मान हलवतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

"कुणी हलवलं त्याला?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही, सर."

"कुणी शिवलं?"

"नाही."

"मग का हललं?"

सर हळू आवाजात, देवळात बोलावं तसं म्हणाले, "सोयरीक जमली, लेका."

सोयरीक हा त्यांचा शब्द. पुस्तकात त्याला 'चेता-स्नायू संधी' म्हणतात. मज्जातंतू आणि स्नायू जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. सर वर्गात सांगत, "पेपरात संधी लिहा, डोक्यात सोयरीक ठेवा." एका पोराने उलटं केलं, डोक्यात संधी ठेवली आणि विद्यापीठाच्या पेपरात 'चेता-स्नायू सोयरीक' असं लिहून आला. त्याला शून्य मिळालं. सरांनी परीक्षकाला चार पानी पत्र लिहिलं, त्यात तुमची सोयरीक कुणी जमवली आणि त्यांना काय दिसलं, असाही परीक्षकालाच विचारलेला एक प्रश्न होता.

हा तास ऐकायला मराठी आणि इतिहासाची पोरंसुद्धा खिडकीत उभी राहत. सर टेबलावर बसत आणि रंगात आले की शुद्ध भाषा आपल्या गावच्या, कडेगावच्या शिवारात सोडून देत.

"कण्यातनं तंतू निघतात स्थळ बघायला. स्नायूला अजून मिसरूड फुटलेलं न्हाई, पण पाव्हणं दारात हजर! एकेका स्नायूच्या धाग्यापाशी चार-चार पाव्हणं. सगळ्यांस्नी चहा. मग हळूहळू तीन उठून जात्यात, एक ऱ्हातो. आणि ज्यांना कुठंच जागा मिळाली न्हाई त्या मज्जापेशी मरत्यात. किती? निम्म्या! फौजेच्या भरतीला शंभर पोरं गेली आणि पन्नास माघारी आली, तर ती पन्नास निदान घरी येऊन भाकरी तरी खातात. हितं ती सोय न्हाई."

एकदा मागच्या बाकावरून कडेगावकडचाच एक पोरगा उठला. त्याचा भाऊ दोनदा भरतीला जाऊन परत आला होता.

"सर, मग आमच्या थोरल्याचं कसं?"

"खातोय का दोन्ही वेळ?"

"लय खातोय."

"मग त्याला अजून स्नायू सापडंल. बस खाली."

आणि शेवटी, घंटा झाल्यावर, दारात थांबून हमखास एक वाक्य: "सोयरीक म्हणजे चिकटणं नव्हे, बरं का. तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट राहते. निरोप त्या फटीतून रसायनाने जातो. सोयऱ्यांनी एकमेकांच्या अंगावर बसू नये, हे पिल्लाला पाचव्या दिवशी समजतं."

अंडी उबवायला कॉलेजने एक यंत्र दिलं होतं. पण वीज आमच्याकडे पाहुणीसारखी येई, आली तरी मुक्काम करत नसे. तीन आठवडे सरांनी उकडलेली, गारठलेली आणि शेवटी नासलेली अंडी फोडली. मग त्यांनी यंत्रात आपल्या वह्या ठेवल्या आणि प्रयोगशाळेत पाच खुडूक कोंबड्या आणून बसवल्या. खुडूक म्हणजे अंडी घालायची थांबवून उबवायला बसलेली. अशी कोंबडी कुणाचीही अंडी पोटाखाली घेते, जागची हलत नाही आणि जवळ जाईल त्याला टोचते. सरांनी या पाचही कोंबड्यांना कॉलेजातल्या विभागांची नावं दिली.

एकदा प्राचार्य तणतणत आले. "तुमची कोंबडी माझ्या खुर्चीत बसली होती!"

"साहेब, ती इंग्रजी विभाग असणार, तिचं खुडूकपण उतरलंय," सर शांतपणे म्हणाले. "मराठी विभाग अजून खुडूक आहे, तो जागचा उठत नाही."

प्राचार्यांच्या मागे मराठीचे प्राध्यापक उभे होते. त्यांनी पुढे सरांशी बोलणं टाकलं. प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम काढला की कॉलेजच्या आवारात पक्षी पाळू नयेत. सरांनी हुकमाखाली शेरा मारला, 'प्राचार्य हलतात, पण त्यांना कळत नाही. वय अंदाजे सहा दिवस.' तो कागद मी वेळेवर फाडला. सरांसाठी केलेलं तेवढं एक चांगलं काम मला आठवतं.

कोंबड्या मग कॉलेजच्या मागच्या वस्तीवर बायनाक्काकडे गेल्या. मूळच्या त्या तिच्याच होत्या. तिचा नवरा शेती बघायचा, मुलगा फौजेत होता आणि कोंबड्या हे तिचं स्वतःचं राज्य. माझ्यावर काम आलं ते असं: रोज सकाळी तिच्याकडे जायचं, ताजी अंडी आपल्या हाताने कोंबडीखाली ठेवायची, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख आणि वेळ घालायची. पिल्लाचं वय या तारखेवरून ठरणार. सर म्हणाले होते, "माझे डोळे आणि तुझी पेन्सिल. बाकी सगळं कोंबडी करते."

पंधरा दिवस मी नेमाने गेलो; सरांची आकड्यांची वही तोवर सुरू व्हायची होती. माझ्या दोन्ही मनगटांवर टोचल्याच्या खुणा झाल्या. बायनाक्का हसायची.

"आवं मास्तर, तिच्या म्होरनं हात घालताय व्हय? मागनं घाला. तुमास्नी कुणी शिकिवलं न्हाई का?"

"आम्हाला कॉलेजात बेडूक शिकवलाय, आक्का."

"मग बेडकाला उबवायला बसवा."

सोळाव्या दिवशी मी तिला म्हणालो, "आक्का, तूच ठेवत जा. आणि मला सांगत जा कुठलं अंडं किती दिवसांचं झालं."

"त्यात काय अवघड हाय? मी रेघा वढीन की." तिने कोळशाचा तुकडा घेतला आणि कोंबड्या झाकायच्या प्रत्येक डालग्यामागच्या भिंतीवर रोजची एक रेघ ओढायला सुरुवात केली.

मी तेव्हापासून सकाळी उशिरापर्यंत झोपू लागलो. दहाच्या सुमारास जाऊन रेघा मोजायच्या, अंड्यावर '५' किंवा '८' असा आकडा टाकायचा आणि सरांपुढे न्यायचं. तारखेऐवजी नुसता आकडा बघून सरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "तुम्हाला वजाबाकी करत बसायला नको म्हणून."

सरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "लेका, तुझ्या आत काहीतरी जोडलं गेलंय."

दीड वर्ष असं चाललं. सरांची वही भरत गेली. पिल्लू पहिल्यांदा मान हलवतं ते साडेचार दिवसांनी, असं त्यांच्या वहीत निघालं. केसाने शिवल्यावर अंग चोरतं ते साडेआठ दिवसांनी. म्हणजे चार दिवस पिल्लू आपलं आपणच हलत असतं. त्या काळात त्याला शिवलेलं कळत नाही, तरी आतून तंतू आणि स्नायूंची जोडणी होऊन कामही सुरू झालेलं असतं. हलण्यासाठी बाहेरून कुणी हाक मारावी लागत नाही. हे सरांचं म्हणणं. मोठ्या पुस्तकांतही असंच होतं, फक्त तिथे आकडे साडेतीन आणि साडेसात होते. सरांचा प्रत्येक आकडा एका दिवसाने जास्त.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. सर खूश झाले. "पुस्तकातली कोंबडी गोरी, आपली देशी. आपल्याकडे सोयरीक जमायला एक दिवस जास्त लागतो. बैठका जास्त होतात."

प्रबंध तपासायला पुण्याचे एक तज्ज्ञ होते. एक दिवसाचा हा फरक त्यांना पटेना, म्हणून ते स्वतः बघायला आले. तो सोमवार होता, गावच्या बाजाराचा दिवस. प्राचार्य कोट घालून प्रयोगशाळेत उभे होते. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती आणि त्या कागदावर सही त्यांची लागणार होती.

मी अंडी आणायला गेलो तेव्हा बायनाक्का बाजाराला निघाली होती. भिंतीवर आठ रेघा होत्या. तिने टोपलीत सहा अंडी ठेवली आणि म्हणाली, "गेल्या बाजारादिशी बसिवल्याली. बाजारापासनं बाजार, आठ दिस. मोजून घ्या." मी सहाही अंड्यांवर आठ घातला.

सरांनी पहिलं अंडं उघडलं. पिल्लू डुलत होतं. सरांनी ब्रशाचा केस त्याच्या चोचीपाशी टेकवला. काही नाही. पाठीला टेकवला. काही नाही. पिल्लू आपल्याच तंद्रीत डुलत राहिलं.

"बघा," सर म्हणाले. "आठ दिवस झाले. हलतंय, पण कळत नाही."

"आठ दिवसांच्या पिल्लाला कळतं," तज्ज्ञ म्हणाले. "जगभर कळतं."

"जगभर कळत असेल. पलूसला कळत नाही."

प्राचार्य खोकले. तज्ज्ञांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ आत पाहिलं. दुसरं अंडं उघडायला लावलं, तिसरं उघडायला लावलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "आठव्या दिवसापर्यंत पाठीवर पिसांचे ठिपके रांगेने उमटतात. इथे जेमतेम सुरुवात आहे. बोटंही सात दिवसांची आहेत. हे सात दिवसांचं पिल्लू आहे."

"देशी पिल्लू सावकाश वाढतं."

"मग बाहेर पडायलाही बावीस दिवस घेतं का?"

पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर पडतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"दिवस कोण मोजतं?" तज्ज्ञांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. त्या बोटात अभिमान होता.

"कोणत्या तारखेला बसवली अंडी?"

मी तारीख सांगायला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आजचा सोमवार. त्याच्या बरोबर वरच्या चौकोनात गेला सोमवार. मधलं अंतर सात. पुन्हा मोजलं, सात. बाजार ते बाजार आपण सगळे आठ दिवस म्हणतो. आठवड्याला आठवडा म्हणतो. पोराची पाचवी आणि माणसाचं तेरावं, दोन्ही पहिला दिवस धरून मोजतो. बायनाक्काने अंडी ठेवली त्या क्षणी पहिली रेघ ओढली होती, तेव्हा पिल्लाचं वय होतं शून्य. एक रेघ जास्त. त्या सोमवारी जास्त, त्याच्या आधीच्या प्रत्येक दिवशी जास्त, दीड वर्षांच्या सबंध वहीत जास्त.

हे सगळं मला एका क्षणात दिसलं. बोललो असतो तर सगळं सुटत होतं. प्रत्येक आकड्यातून एक वजा केला की साडेचारचे साडेतीन, साडेआठचे साडेसात, आणि मधले चार दिवस होते तसेच. आमच्या गावच्या कोंबड्या जगाबरोबर आल्या असत्या आणि सरांचं मूळ म्हणणं टिकलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता की तू रोज जात नव्हतास का. गेल्या सोमवारी तर मी हजेरीपटावर सही करून कुंडलला कुस्त्या बघायला गेलो होतो. आणि प्राचार्य माझ्यापासून दोन हातांवर उभे होते.

मी गेल्या सोमवारच्या आदल्या दिवसाची, रविवारची तारीख सांगितली.

"सकाळी दहाला. मी स्वतः बसवली."

"नक्की?" सरांनी विचारलं. आवाजात संशय नव्हता. नुसतं मला बोलायला जागा करून दिली होती.

"नक्की, सर. आठच."

"झालं तर," सर तज्ज्ञांकडे वळले. "एक वेळ कोंबडी खोटं बोलेल, हा बोलणार नाही."

तज्ज्ञ हात धुवायला उठले. टॉवेलने बोटं पुसत म्हणाले, "मग सात दिवसांची अंडी आठची म्हणून माझ्यासमोर कुणी ठेवली, हे तुम्हीच ठरवा. मला ठरवायची गरज नाही."

प्रबंध परत आला. त्यावर लिहिलेला शेरा कारकुनाने प्राचार्यांच्या आधी वाचला आणि संध्याकाळपर्यंत बाजारात पोचवला. 'साताचे आठ करणारे सर' हे नाव त्यांना तेव्हा पडलं. चहावाला सातवा कप देताना म्हणायचा, "आठ लिहू का, सर?" पोरं फळ्यावर सात लिहून पुढे बरोबर आठ लिहीत. मीही हसत होतो. न हसलो असतो तर कुणाला संशय आला असता. माझी नोकरी कायम झाली.

सरांनी पुन्हा अंडं उघडलं नाही. भांडलेही नाहीत. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते वर्गात पुस्तक हातात धरून वाचून दाखवू लागले, शब्दाला शब्द. खिडकीतली पोरं हळूहळू कमी झाली. एकदा बेडकाचं हृदय दाखवताना मला म्हणाले, "धडधडतंय का बघ रे. मला धडधडताना दिसतंय. पण तू बघ." ज्या माणसाने जगातल्या पुस्तकांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवला, तो मला बेडकाचं हृदय विचारत होता. मी "हो सर" म्हणालो. मग त्यांची साताऱ्याला बदली झाली.

बायनाक्काला मी कधी काही बोललो नाही. तिचं मोजणं बरोबरच होतं. विचारणाराच आळशी होता.

दशक संपता संपता मी साताऱ्याला गेलो, मुद्दाम. दोन मुलांचा बाप झालो होतो, आणि पाचवीच्या दिवशी घरातल्या बायका बोटांवर दिवस मोजू लागल्या की मी उठून बाहेर जायचो. सर चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मी लगेच परत जावं की काय असं मला वाटलं. सरांच्या घरच्या बाईंनी पोहे केले. बशी हातात घेऊन, ती खाली न ठेवता, मी सगळं सांगितलं. रेघा, कुस्त्या, रविवारची तारीख.

"सर, ती अंडी सात दिवसांची होती. सोमवार ते सोमवार."

सरांनी उजवा हात वर केला आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागले, मोठ्याने, लहान मुलाला शिकवावं तसं.

"सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनवार, रविवार, सोमवार. किती झाले?"

"सर, पण पहिला सोमवार..."

"किती झाले?"

"आठ."

"मग?" ते हसले. "आठच होते. माझ्यासाठी तू स्वतःवर घेऊ नकोस, लेका. तुझा स्वभावच तसा. मला दिसलं ते चुकीचं दिसलं, एवढंच. अगं, ह्याला अजून पोहे घाल."

मला ते खरंच चांगुलपणाने खोटं बोलणारा समजले, की त्यांना सगळं कळलं आणि त्यांनी मला सोडून दिलं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. पहिला सोमवार धरायचा नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण ते पेरं मोजत होते तेव्हा त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. मी वाद घालायला हवा होता. कॅलेंडर मागायला हवं होतं. ते भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वरच होतं. पण माझ्या अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेत होतं आणि मला ते उतरू द्यायचं होतं.

"हो सर," मी म्हणालो, "आठच."

असं मी त्यांच्या तोंडावर दोनदा म्हणालो आहे. पहिल्या वेळी नोकरीसाठी, दुसऱ्या वेळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता.

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची वही बाईंनी माझ्याकडे पाठवून दिली, कारण सरांनी तसं सांगून ठेवलं होतं. या महिन्यात मी ती उघडली आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून प्रत्येक आकड्यातून एक वजा करत गेलो. दीडशेच्या वर पानं आहेत. सगळे आकडे पुस्तकांशी जुळले, एकही अपवाद नाही. सरांना जे दिसलं होतं ते सगळं तसंच होतं.